सकीफा की गदीर?

इराक, येमेन किंवा पाकिस्तानातून एखाद्या स्फोटाची बातमी आली की आपल्या वर्तमानपत्रांत 'शिया-सुन्नी संघर्ष' असे शब्द छापून येतात आणि वाचकाला त्यावरून सगळं कळलं असं धरून चाललं जातं. हा वाद नेमका कशाबद्दल आहे, तो इतकी शतकं का टिकला, त्यातला किती भाग श्रद्धेचा आणि किती सत्तेचा, हे बातमीत येत नाही. शेजारी राहणाऱ्या मुसलमान कुटुंबांत हा फरक कसा जगला जातो, याची तर बहुतेक मराठी वाचकांना कल्पनाच नसते.

म्हणून हा संवाद लिहिला आहे. यातली दोन्ही माणसं कल्पित आहेत, त्यांनी सांगितलेला इतिहास खरा आहे. मास्तर रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान, मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, सुन्नी, शाफई परंपरेचे. डॉक्टर मुंबईत डोंगरीला दवाखाना चालवणारे इस्ना अशरी, म्हणजे बारा इमाम मानणारे, शिया. मैत्री जुनी आहे, त्यामुळे एकमेकांना बरं वाटावं म्हणून बोलायची गरज दोघांनाही नाही.

डॉक्टर : मास्तर, शिया आणि सुन्नी यांच्यातला फरक तुम्ही वर्गात कसा सांगायचात?

मास्तर : थोडक्यात. पैगंबरसाहेब इ.स. ६३२ मध्ये मदिनेत वारले. त्यांच्या जागी कोण, यावर दुमत झालं. अबू बक्र यांना खलिफा मानणाऱ्यांची परंपरा सुन्नी झाली, हा मान पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अलींचा होता म्हणणाऱ्यांची शिया. मुळात वाद सत्तेचा, त्याला धर्माचा रंग मागाहून चढला.

डॉक्टर : या शेवटच्या वाक्यावर माझा आक्षेप आहे. वाद नुसता सत्तेचा असता तर सत्ता मिळाल्यावर तो मिटला असता. अली ६५६ ते ६६१ खलिफा होतेच की. आमचा प्रश्न वेगळा आहे. पैगंबर गेल्यावर दीनचा, म्हणजे धर्माचा, अर्थ सांगायचा अधिकार कुणाचा? आणि तो अधिकार माणसांनी द्यायचा की अल्लाहने?

मास्तर : मग तुमची बाजू पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलत नाही.

डॉक्टर : हिजरी सन १०. पैगंबर अखेरची हज करून मक्केहून मदिनेकडे निघालेत. वाटेत गदीर खुम नावाचा पाणवठा लागतो. जिलहज महिन्याची १८ तारीख आहे. काफिले आपापल्या वाटेने पांगण्याआधी पैगंबर सगळ्यांना थांबवतात, अलींचा हात धरून वर उचलतात आणि जाहीर करतात की मला जो आपला मौला मानतो त्याने अलींनाही मौला मानावं. आमच्या मते नेमणूक तिथेच झाली. तो दिवस आम्ही ईद-ए-गदीर म्हणून साजरा करतो. पुढे तीन महिन्यांच्या आत पैगंबर वारले. अली मय्यतीच्या तयारीत गुंतलेले असताना तिकडे मदिनेतच, सकीफा बनी साइदा नावाच्या छपराखाली, लोक जमले आणि खलिफा ठरवून मोकळे झाले.

मास्तर : गदीरची घटना आम्ही नाकारत नाही, ती आमच्याही हदीसग्रंथांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत, आहे. पण अरबीत मौला म्हणजे धनी, तसाच जिवलग आणि पाठीराखाही. अलींच्या हाताखाली येमेनला गेलेल्या काही लोकांनी त्यांच्याबद्दल तक्रारी केल्या होत्या. त्या संदर्भात पैगंबरांनी सांगितलं की अलींवर माझ्याइतकंच प्रेम करा. आम्ही ते करतो. पण एवढी मोठी नेमणूक करायची असती तर पैगंबरांनी ती संदिग्ध शब्दांत केली नसती.

डॉक्टर : आणि सकीफा?

मास्तर : सकीफात कट झाला नव्हता. मदिनेचे अन्सार, म्हणजे पैगंबरांना आसरा देणारे तिथले मुसलमान, आपला वेगळा प्रमुख निवडायला तिथे जमले होते. तसं झालं असतं तर उम्मत, म्हणजे सगळा मुसलमान समाज, त्याच दिवशी फुटली असती. हे कळल्यावर अबू बक्र, उमर आणि अबू उबैदा घाईने तिथे गेले. अखेरच्या आजारात पैगंबरांनी नमाज पढवायला अबू बक्र यांनाच उभं केलं होतं. लोकांनी त्यांचा हात धरला तो त्या विश्वासाने. पैगंबरांनी हा निर्णय उम्मतीवर सोडला आणि उम्मतीने तो घेतला, ही आमची श्रद्धा आहे. तुम्ही गदीरला जितकं मानता तितकंच आम्ही उम्मतीच्या एकमताला मानतो.

डॉक्टर : एकमत म्हणता, पण अलींनी काही महिने बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, केली नव्हती. त्यांची पत्नी आणि पैगंबरांची मुलगी फातिमा वारल्यावर केली. हे तुमच्या बुखारीच्या हदीससंग्रहातच आहे.

मास्तर : आहे. पण अखेर केली, हेही तिथेच आहे. पुढे पंचवीस वर्षं त्यांनी बंड केलं नाही, दुसरे खलिफा उमर यांना वेळोवेळी सल्ला दिला. त्यांच्या मुलांमध्ये अबू बक्र, उमर आणि उस्मान ही नावं सापडतात. ज्यांनी आपला हक्क हिसकावला त्यांची नावं कुणी आपल्या मुलांना ठेवतं का?

डॉक्टर : ती नावं त्या काळी अरबस्तानात सर्रास होती. आणि अली गप्प राहिले ते उम्मत टिकावी म्हणून. आपला हक्क गेला तरी घर मोडू द्यायचं नाही, यात त्यांचा मोठेपणा आहे. त्यांचं मौन म्हणजे संमती होती असं आम्ही मानत नाही.

मास्तर : इथे आपण अडणार, आणि अडलेलं बरं. पण तुमच्या भूमिकेची आम्हाला धास्ती का वाटते ते ऐका. कुराणाचं संकलन अबू बक्र यांच्या काळात झालं, प्रमाण प्रती तिसरे खलिफा उस्मान यांनी ठिकठिकाणी पाठवल्या. नमाज कशी पढायची, जकात किती द्यायची, हे आमच्यापर्यंत सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांच्या, सांगण्यातून आलं. आता तुम्ही म्हणता की पैगंबरांचा उघड आदेश हजारोंनी ऐकला आणि काही आठवड्यांत त्यातल्या बहुतेकांनी तो बाजूला ठेवला. तसं असेल तर त्यांच्या इतर साक्षींचं काय करायचं? तुम्ही तीन खलिफांबद्दल बोलता तेव्हा आम्हाला पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. आमचा सगळा दीन त्या पिढीच्या प्रामाणिकपणावर उभा आहे.

डॉक्टर : ही तुमची बाजू मला मान्य आहे, आणि आमचे वक्ते ती कधी समजून घेत नाहीत, हेही खरं. पण आमच्याबद्दलचे गैरसमज आधी बाजूला ठेवा. आमचं कुराण वेगळं नाही, त्याच ११४ सुरा आहेत. पैगंबरी अलींसाठी होती आणि चुकून मुहंमदांना मिळाली, असं आम्ही मानतो ही शुद्ध थाप आहे. सगळे सहाबा वाईट असंही आम्ही म्हणत नाही. सलमान फारसी, अबू जर, मिकदाद, अम्मार यांची नावं आमच्याकडे अदबीने घेतली जातात. फरक एवढाच की तुमची साखळी सहाबांची, आमची अहल-ए-बैतची, म्हणजे पैगंबरांच्या घराण्याची. अली, हसन, हुसेन आणि पुढचे नऊ असे बारा इमाम. ते मासूम आहेत, म्हणजे त्यांच्या हातून पाप किंवा दीनच्या बाबतीत चूक होत नाही.

मास्तर : मासूम फक्त पैगंबर असतात, असं आम्ही मानतो. खलिफा चुकू शकतो, आलिम म्हणजे धर्मपंडित चुकू शकतो, म्हणून एक चुकला तर दुसऱ्याने सांगावं. आमच्याकडे हनफी, शाफई, मालिकी, हंबली अशा चार परंपरा झाल्या त्या यामुळेच. मी आणि गल्लीतला हनफी शेजारी काही गोष्टी वेगळ्या करतो आणि दोघंही बरोबर समजले जातो. शिवाय तुमचे बारावे इमाम ८७४ पासून गैबतमध्ये, म्हणजे अदृश्य, आहेत. मग आज तुम्हाला वाट कोण दाखवतं? आलिमच ना?

डॉक्टर : आलिमच. आमच्यातला प्रत्येक जण एखाद्या हयात मर्जाची, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या आलिमाची, तकलीद करतो, म्हणजे त्याच्या सांगण्याप्रमाणे वागतो. इराकातल्या नजफचे आयतुल्ला सीस्तानी यांना मानणारे डोंगरीत घरोघर आहेत. उत्पन्नातून खर्च जाऊन उरतं त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे खुम्स, त्यांच्या वकिलामार्फत जातो. पण मर्जाला आम्ही मासूम म्हणत नाही. इमाम परत येईपर्यंतची ही व्यवस्था आहे. या काळात आलिमांनी राज्य चालवावं का, यावर आमच्यातच दुमत आहे. खोमेनींनी १९७९ नंतर इराणमध्ये फकीहची, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाची, सत्ता आणली. नजफच्या बहुतेक जुन्या उलेमांना आलिमाने राज्यकर्ता होणं पसंत नव्हतं.

मास्तर : आणि तुमच्यातही फांद्या आहेतच.

डॉक्टर : मुंबईतच मोजा. सहावे इमाम जाफर सादिक ७६५ मध्ये वारले, तिथे इस्माइली वेगळे झाले. भेंडी बाजारातले दाऊदी बोहरे आणि आगाखानी खोजे, दोघंही त्या फांदीचे. खोजे नेमके कोण, हा प्रश्न १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. त्यांच्यातला एक गट म्हणत होता की आम्ही सुन्नी आहोत. न्यायमूर्ती सर जोसेफ अर्नोल्ड यांनी त्यांच्या जुन्या भजनांचा, रिवाजांचा आणि दशोंदाचा, म्हणजे इमामाला द्यायच्या दशांशाचा, कसून विचार केला आणि निकाल दिला की हा समाज शिया इमामी इस्माइली आहे. पुढे त्यातले काही सुन्नी झाले, काही आमच्याकडे आले. तेव्हा शिया म्हणजे एकसंध काही आहे, हा समज खरा नाही.

मास्तर : आता करबलाकडे येऊ. माझ्या मते फरकाचा गाभा तिथे आहे. सकीफा आणि गदीर हे उलेमांचे विषय. सामान्य शिया बाईला विचारलं तर ती करबला सांगेल.

डॉक्टर : बरोबर. हिजरी ६१, मोहरमची १० तारीख, इंग्रजी १० ऑक्टोबर ६८०. खलिफा यजीदची बैअत नाकारून अलींचे पुत्र आणि पैगंबरांचे नातू हुसेन आपल्या घरच्यांसह आणि मोजक्या साथीदारांसह इराकात कूफ्याकडे निघाले होते. करबलाच्या मैदानात त्यांना हजारोंच्या फौजेने घेरलं. सातव्या तारखेपासून फुरात नदीचं पाणी तोडलं. पाणी आणायला गेलेले हुसेनचे सावत्र भाऊ अब्बास दोन्ही हात गमावून पडले. हुसेनचा सहा महिन्यांचा मुलगा अली असगर बापाच्या हातात बाणाने मेला. शेवटी हुसेन. मागे उरल्या त्या बायका, मुलं आणि आजारी असलेले हुसेनपुत्र झैनुल आबिदीन. त्यांना कैदी करून दमास्कसला नेलं, आणि तिथे यजीदच्या भर दरबारात हुसेनची बहीण झैनब उठून बोलली. आमच्या मजलिसची, म्हणजे शोकसभेची, सुरुवात तिच्यापासून समजतात. सत्ता तुमच्या हातात असली तरी खरं काय ते मी सांगणार, असं तिने सांगितलं. प्रत्येक मोहरमला आम्ही तेच पुन्हा सांगतो.

मास्तर : हुसेन आमचेही आहेत. प्रत्येक नमाजेत आम्ही दरूद, म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ, पढतो त्यात पैगंबरांबरोबर त्यांच्या घराण्याचं नाव येतं. आमचे इमाम शाफई तर अहल-ए-बैतच्या प्रेमापायी राफिजी, म्हणजे शिया, ठरवले गेले होते, खलिफा हारून रशीदपुढे उभे राहायची वेळ त्यांच्यावर आली. हुसेन हक्कावर होते आणि यजीदने जुलूम केला, हे लहानपणापासून घरात ऐकलंय. फक्त आशुऱ्याच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या, दिवशी आम्ही रोजा ठेवतो. मूसा आणि त्यांची माणसं फिरऔनच्या तावडीतून सुटली त्याच्या शुक्राचा तो रोजा आहे. मातम, म्हणजे छाती पिटून शोक, आम्ही करत नाही. मृताचा शोक तीन दिवस, पुढे सबर, असं आम्हाला शिकवलंय.

डॉक्टर : तुमचा शोक तीन दिवसांत संपतो, कारण तुमच्या दृष्टीने तो एका थोर माणसाचा मृत्यू आहे. आमच्या दृष्टीने करबला संपलेली नाही. सकीफात जी चूक झाली तिचं फळ करबलात दिसलं, आणि जिथे जिथे जोरावर बसलेला माणूस धर्माचं नाव घेतो तिथे ते पुन्हा दिसतं. म्हणून आम्ही रडतो. ते रडणं साक्ष आहे.

मास्तर : साक्ष मला मान्य आहे. पण त्या साक्षीत आरोपींची यादी लांबत लांबत अबू बक्र, उमर यांच्यापर्यंत जाते, तिथे मी थांबतो. त्याबद्दल मला नंतर बोलायचंय.

डॉक्टर : बोला, मी टाळणार नाही. त्याआधी रोजच्या जगण्यातले फरक सांगू. लोकांना तेच आधी दिसतात.

मास्तर : इमामवाडा रस्त्यावरच्या मुघल मशिदीत तुमच्याबरोबर आलो होतो तेव्हा मी ते नीट पाहिले. १८६० ची ती इराणी बांधणी, निळ्या नक्षीच्या टाइल्स, आत हौद, आणि घुमट नाही. तुम्ही वुजू, म्हणजे नमाजेआधीची शुद्धी, करताना पायांवर ओला हात फिरवलात, मी पाय धुतले. नमाजेत मी हात बांधले, तुम्ही सोडून उभे राहिलात. तुमच्या पुढ्यात तळहातावर मावेल एवढी मातीची वडी होती.

डॉक्टर : सजदागाह. करबलाच्या मातीची. सजद्यात कपाळ जमिनीला किंवा जमिनीतून उगवलेल्या, पण खाण्याच्या वा नेसण्याच्या नसलेल्या वस्तूला टेकावं, असा आमचा नियम आहे. सतरंजीवर तो पाळता येत नाही म्हणून वडी. काही लोक म्हणतात, शिया दगडाला सजदा करतात. सजदा अल्लाहलाच असतो, कपाळ तेवढं मातीवर असतं.

मास्तर : आणि हात सोडून नमाज पढणं हे काही शियांचंच वेगळेपण नाही. आफ्रिकेतले बहुतेक मालिकी सुन्नीही हात सोडतात. तुमच्या अजानमध्ये अलींच्या विलायतीची, म्हणजे अधिकाराची, ग्वाही येते, आमच्या पहाटेच्या अजानमध्ये झोपेपेक्षा नमाज बरी असं वाक्य येतं. तुम्ही जोहर-असर आणि मगरिब-इशा या नमाजा जोडून पढता. रमजानमध्ये सूर्य बुडताच आम्ही खजूर तोंडात टाकतो, तुम्ही पूर्वेची लाली जाईपर्यंत काही मिनिटं थांबता. रात्री आम्ही जमाअतीने तरावीह, म्हणजे रमजानची जादा नमाज, पढतो, तुम्ही त्या जमाअतीत नसता.

डॉक्टर : या फरकांवर भांडणारा माणूस मला अजून समजलेला नाही. पण एक फरक असा आहे की तो घरात शिरतो. समजा एक माणूस वारला, मागे एकुलती एक मुलगी आणि एक भाऊ आहे. देणी फिटून १२ लाख उरले.

मास्तर : आमच्याकडे मुलीला निम्मे, ६ लाख. उरलेले ६ लाख भावाला.

डॉक्टर : आमच्याकडे मुलीला १२ लाख. ती असताना काकाला हिस्सा नाही. भारतातली न्यायालयंही त्या त्या घराचा पंथ पाहून हेच लावतात. आणि हा फरक गदीरपासून वेगळा नाही. पैगंबरांचा वंश मुलीकडून चालला. ज्यांच्या साऱ्या श्रद्धेच्या मुळाशी फातिमा आहे, त्यांच्या कायद्यात मुलगी काकाच्या मागे उभी राहील कशी?

मास्तर : इथे मला तुमच्या कायद्याचा हेवा वाटतो, उघड सांगतो. आमच्या नियमामागे तर्क होता. मुलीला सांभाळायची जबाबदारी काकावर होती, म्हणून हिस्साही त्याला. पण आजचा काका मुंबईत किंवा दुबईत असतो, आणि जबाबदारी विसरून हिस्सा मागायला येतो. २०२३ मध्ये केरळातल्या एका सुन्नी वकिलाने आपल्या तीन मुलींनाच सगळं मिळावं म्हणून स्वतःच्या पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. आमच्या उलेमांनी यावर खुलेपणाने विचार करायला हवा.

डॉक्टर : तलाकचंही तसंच. आमच्याकडे निकाहला साक्षीदार नसले तरी निकाह होतो, पण तलाकला दोन साक्षीदार लागतातच. तुमच्याकडे निकाहला साक्षीदार लागतात, तलाकला नाही. एका दमात तीन तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढणं आमच्या फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, कधीच चाललं नाही. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या वेळी सगळे मुसलमान एकाच रांगेत उभे केले गेले, तेव्हा आमच्यातल्या अनेकांना हे वेगळेपण ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मास्तर : आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. हा फरक सत्तेने कसा वापरला ते आपल्या दख्खनमध्येच पाहा. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला आणि खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, बारा इमामांची नावं आणली. शहरात बंडाळी झाली. विजापुरात युसुफ आदिलशहाने शिया खुतबा सुरू केला. १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिमने तो फिरवून सुन्नी केला, परदेशी इराण्यांना काढून दख्खन्यांना जवळ केलं, हिशेबाचं दफ्तरही फारसीतून काढून इथल्या भाषेत आणलं. त्याच्या मुलाने, अली आदिलशहाने, पुन्हा शिया खुतबा लावला. पुढचा इब्राहिम पुन्हा सुन्नी. इतक्या वेळा दरबाराची श्रद्धा बदलते, तेव्हा तिच्याआड अफाकी, म्हणजे परदेशातून आलेल्या, आणि दख्खनी सरदारांचं भांडण चाललेलं असतं. इराणचं तरी काय? १५०१ मध्ये शाह इस्माईलने सत्ता घेतली तेव्हा तो बराचसा सुन्नी मुलूख होता. शेजारच्या उस्मानी तुर्कांपेक्षा वेगळं दिसायचं, तर पंथ वेगळा हवा होता.

डॉक्टर : राजांबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं खरं. पण प्रजेकडे पाहा. निजामशाही १६३६ मध्ये संपली. अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, बारा इमाम कोठला आजही आहे आणि मोहरमच्या सवाऱ्या आजही निघतात. खांदा देणारे बहुतेक सुन्नी आणि हिंदू. सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंचच उंच ताबूत पाहा. गावोगाव पंजे बसतात, सरबत वाटतात, मलिदा करतात. त्यातल्या कुणालाही शाह ताहिरचं नाव माहीत नाही. राजाने फतवा काढून हुसेनला आणलं असतं तर राजाबरोबर हुसेनही गेला असता. म्हणून म्हणतो, सगळं सत्तेचं होतं असं म्हणू नका. तसं म्हटलं की आमचं दुःख खोटं ठरतं.

मास्तर : मान्य. माझं वाक्य मी बदलतो. मतभेद श्रद्धेचा आहे आणि तो खरा आहे. पण त्याचं वैर व्हायला सत्ता लागते. १९८० ते १९८८ इराण-इराक युद्ध झालं, तेव्हा इराकच्या फौजेतले बहुसंख्य शिपाई शियाच होते आणि ते इराणी शियांवर गोळ्या झाडत होते. शियाबहुल अझरबैजानपेक्षा इराणचे ख्रिस्ती आर्मेनियाशी संबंध जास्त जवळचे. तिथे पंथ आठवत नाही, सीमा आठवते. सौदी आणि इराण दोघांना हवा असेल तेव्हाच पंथ बाहेर काढला जातो.

डॉक्टर : सरकारांचं बरोबर. पण सरकार ठिणगी टाकतं तेव्हा खाली वाळलेलं गवत असावं लागतं. ते आपल्या घरांत, आपल्या मिंबरांवरून, म्हणजे प्रवचनाच्या आसनांवरून, रचलं जातं. लखनौ आठवा. १९३० च्या दशकात सुन्नींनी सहाबांच्या स्तुतीचे मदहे सहाबा जुलूस काढले, आमच्या लोकांनी तबर्रा म्हणजे त्याच सहाबांचा धिक्कार करत अटका करवून घेतल्या. पुढे १९७७ पासून जवळजवळ वीस वर्षं तिथले जुलूस बंद होते. तिथे सौदी नव्हता आणि इराणही नव्हता.

मास्तर : तुम्हीच तबर्राचं नाव काढलंत, म्हणून बोलतो. अबू बक्र, उमर, आणि पैगंबरांच्या पत्नी, आमच्या आई आयेशा यांना भर रस्त्यात शिव्या घालणं हे मला कुठल्याही तत्त्वज्ञानाने पटणार नाही. तुम्ही त्यांना इमाम मानू नका. इतिहासात त्यांचे निर्णय चुकले असं म्हणा, पुरावे द्या, मी ऐकेन. शिवी मात्र ऐकणार नाही.

डॉक्टर : हे मी आमच्या लोकांना सांगायला हवं, तुम्ही नव्हे. इराणचे खामेनेई यांनी २०१० मध्ये फतवा दिला की सुन्नींच्या आदरस्थानांचा, विशेषतः पैगंबरांच्या पत्नीचा, अवमान हराम आहे. तरी काही वक्ते मजलिस रंगवण्यासाठी तेच करतात आणि आम्ही समोर बसून वाहवा करतो. आणखी एक सांगतो. २००६ च्या फेब्रुवारीत सामर्‍यातला अस्करी इमामांचा रौजा, म्हणजे दर्गा, उडवला गेला. सीस्तानींनी सुन्नी मशिदींना हात लावू नका असं बजावलं. तरीही बगदादमध्ये शिया टोळ्यांनी सुन्नी माणसं घरांतून उचलून मारली. मारणारे हुसेनचं नाव घेत होते. हुसेनच्या नावाने निःशस्त्र माणूस मारणारा यजीदच्या फौजेतला असतो, हे मी आमच्या मजलिसमध्ये बोलायला हवं.

मास्तर : मग माझ्या बाजूचंही ऐका. तुमचा तबर्रा जीभ चालवतो, आमच्यातला तकफीर, म्हणजे दुसऱ्याला काफिर ठरवणं, हात चालवतो. शियांना काफिर ठरवणाऱ्यांनी १८०२ च्या सुमारास करबला लुटली, क्वेट्टा परिसरात हजारा जमातीच्या शियांना बसमधून उतरवून मारलं, २०१४ मध्ये तिक्रीतजवळच्या स्पायकर तळावरच्या शिया तरुणांना शेकड्यांनी ठार केलं. अशा वेळी आम्ही म्हणतो, ते खरे मुसलमान नव्हेत, आणि विषय संपवतो. पण शिया काफिर आहेत हे वाक्य माझ्या ओळखीच्या सभ्य माणसांच्या तोंडून मी ऐकलंय आणि गप्प बसलोय. अल-अजहरचे प्रमुख शेख महमूद शल्तूत यांनी १९५९ मध्ये सांगून टाकलं की जाफरी, म्हणजे शिया, फिकहप्रमाणे इबादत करणं सुन्नी परंपरांइतकंच ग्राह्य आहे. ज्या अल-अजहरची स्थापना दहाव्या शतकात फातिमी इस्माइली शियांनी केली आणि जे आज सुन्नींचं सर्वांत मोठं पीठ आहे, तिथून हे आलं. आमच्या गावातल्या मदरशात त्याचा उल्लेखही होत नाही.

डॉक्टर : म्हणजे आपलं एकमत झालं?

मास्तर : सकीफावर नाही, गदीरवर नाही, मासूम कोण यावरही नाही. आणि व्हायचंही नाही. तुम्ही करबला विसरलात तर तुम्ही शिया राहणार नाही, मी सहाबांवरचा विश्वास सोडला तर मी सुन्नी राहणार नाही. विसरून केलेली एकी दोन दिवस टिकते.

डॉक्टर : मग काय ठरलं?

मास्तर : एवढं ठरलं की तबर्राविरुद्ध तुम्ही तुमच्या मजलिसमध्ये बोलायचं आणि तकफीरविरुद्ध मी आमच्या मशिदीत. मी तुमच्या लोकांना सांगितलं तर ते मला शत्रू म्हणतील, तुम्ही आमच्या लोकांना सांगितलं तर ते तुम्हाला. घरच्या माणसाचं घरच्यांना ऐकावं लागतं.

डॉक्टर : मला मंजूर आहे. फक्त एक भर घालतो. तुमच्या इतिहासाच्या धड्यातलं ते वाक्यही बदला. मुलांना सांगा की एका बाजूचा विश्वास उम्मतीच्या निवडीवर आहे आणि दुसऱ्या बाजूचा अल्लाहच्या नेमणुकीवर. दोघांचं कुराण एक, पैगंबर एक, किबला एक. ज्या मुलाला हे कळलंय त्याला उद्या कुणी दुसऱ्याच्या मशिदीवर दगड मारायला सांगितलं, तर तो निदान का म्हणून विचारेल.

मास्तर : आता वर्ग माझ्या हातात नाही. पण गावातली मुलं अजून सुट्टीत घरी येतात, त्यांना सांगेन. आणि तुमच्या बाराव्या इमामांबद्दलही सांगेन, पूर्ण, माझं मत न मिसळता.